हबशी कुणाला म्हणालीस?

मुरूडच्या रईसाला कुणी चांगली नर्स म्हटलं, की ती अकिन्यीचं नाव पुढे करते. अकिन्यी केनियाची. रियाधच्या अल सुलै भागात रईसा ज्या दवाखान्यात नर्स आहे, तिथेच साफसफाईचं काम करते. घरकामाला आलेल्या आणि मालकाच्या घरात अत्याचार सोसलेल्या आफ्रिकी बायकांजवळ ती आणि तिच्या मैत्रिणी बसायला येतात. अकिन्यी स्वतःही त्यातूनच गेलेली. मुरूडला मयताच्या घरी बसायला जातात, तसंच हे. फक्त इथे 'काय झालं' असं कुणी विचारत नाही.

एका दुपारी एक केनियन मुलगी मोडलेलं मनगट घेऊन आली. जिन्यावरून पडली, असं मालकिणीनं सांगितलं आणि ती बाहेर बाकावर जाऊन बसली. रईसाला मुलीच्या दंडांवरचे बोटांचे वळ दिसले.

"ती बोलली तर पोलिसांना आत्ता कळवते," डॉक्टर कौमुदी म्हणाल्या. "जिनाच म्हणाली, तर प्लास्टर घालून त्याच घरी पाठवावं लागेल."

रईसानं अकिन्यीला बोलावलं आणि सवयीनं अरबीत म्हणाली, "ये गं, तुमची एक हबशी मुलगी आलीय."

मुलीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

अकिन्यीनं रईसाला पडद्याबाहेर नेलं. "हबशी कुणाला म्हणालीस?"

"वाईट नाही गं तो शब्द. आमच्या जंजिऱ्याचे नवाब हबशी. माझी आजी अदबीनं नाव घ्यायची त्यांचं."

"तुझ्या नवाबांना सलाम. मला त्या घरात याच शब्दानं हाक मारायचे. नावानं एकदाही नाही. हिलाही तेच असणार."

रईसा ओशाळली. "मग तिला जंजिऱ्याचं समजावून सांगू?"

"किल्ला राहू दे. माफी माग, नाव विचार. मग गप्प बस, जमलं तर."

रईसानं तेवढंच केलं. भिंतीकडूनच उत्तर आलं, "नेकेसा."

अकिन्यी उशाशी बसली. स्वाहिलीत तिनं नेकेसाच्या गावच्या पावसापाण्याची चौकशी केली. रईसा स्टुलावर गप्प होती. एवढा वेळ तिला आयुष्यात जमलं नव्हतं.

"पडदा पूर्ण लावता येतो?" नेकेसानं विचारलं.

रईसानं लावला. मग नेकेसा अकिन्यीचा हात धरून बोलली. कौमुदी आल्यावर तिनं तेच पुन्हा, स्वतःच्या तोंडानं सांगितलं. जिन्याचं नाव कुठेच नव्हतं; मालकाच्या मुलाचं होतं. पोलिसांना फोन गेला. मालकीण आत येऊ लागली, तेव्हा रईसा दारात उभी राहिली.

कौमुदींनी मनगटाला प्लास्टर घातलं. पोलिसांची वाट पाहताना रईसा अकिन्यीला म्हणाली, "तू होतीस म्हणून. नाहीतर माझ्या एका शब्दानं ही परत गेली असती."

"नुसत्या आभारांवर भागणार नाही. शुक्रवारी तुझी ती तांदळाची गोड सांदणं आण. आम्ही नऊजणी आहोत."

"दहा," नेकेसा म्हणाली. तिनं प्लास्टरचा हात उशीवर नीट ठेवला आणि रईसाकडे पाहिलं. "पडद्याबाहेरचं सगळं ऐकलं मी, सिस्टर. आता सांगा, कसले नवाब?"