पत्रबाईची लाल पेन्सिल

तिला सगळे पत्रबाई म्हणत. आमची शाळा धर्मसंस्थेची. सकाळी प्रार्थना, दुपारी जेवण आणि महिन्याला प्रत्येक मुलाच्या घरी पिठाचं पोतं. हे सगळं परदेशातल्या भल्या माणसांच्या जिवावर चालायचं, एकेका मुलाला एकेक दाता. मुलांनी वर्षातून दोनदा दात्याला पत्र लिहायचं, आणि ते तपासून दात्याच्या भाषेत उतरवायचं काम हिचं. प्रार्थनेच्या दालनामागे तिची खोली, तिला लागून माझं स्वयंपाकघर. माझं पातेलं करपलं की माझ्याआधी तिलाच कळायचं.

पत्रात रडगाणं नको, मागणं नको, असा नियम होता. बाईची लाल पेन्सिल त्यावर टपलेलीच असायची. मी तिला चिडवायची, "तुझ्या पत्रांत कुणी आजारीच पडत नाही. डॉक्टरांच्या पोटावर पाय आणशील."

ती हसायची नाही. ती याच शाळेत शिकलेली. आठ वर्षांची असताना तिने पत्रात बूट मागितले होते. बूट आले नाहीतच, उलट संस्थेच्या तेव्हाच्या साहेबांनी ते पत्र भर प्रार्थनेत वाचून दाखवलं. त्याचा तिने जो धसका घेतला तो कायमचा.

टाचणीवर तिचा फार जीव. पोरगी अकरा वर्षांची, नावासारखीच काटकुळी. आई लॉजच्या चादरी धुवायची. यंदा आईच्या छातीने दगा दिला, ती अंथरुणाला खिळली आणि टाचणी पहाटेपासून टबाशी उभी राहू लागली. सहातले तीन दिवस शाळा बुडायची. बुडालेलं सगळं पत्रबाई माझ्या ओट्याशी बसून भरून काढायची. "ही मास्तरीण होणार, लिहून ठेव," म्हणायची.

तेवढ्यात पत्रांचे दिवस आले. मी चहा घेऊन गेले तेव्हा टाचणीचा कागद बाईपुढे होता. 'आई अंथरुणावर आहे. तिच्या जागी मी चादरी धुते. शाळा बुडते.' तिन्ही वाक्यांवर लाल रेघ. वर बाईने स्वतः लिहिलं होतं, 'आई आता आराम करते. मी तिला मदत करते. मला अपूर्णांक आवडतात.'

"राहू दे की खरं," मी म्हटलं.

"मागितल्यासारखं दिसतं. आणि हिचं नाव कापलं तर?"

दोन महिन्यांनी उत्तर आलं. दात्री म्हातारी, निवृत्त शिक्षिका. तुझ्या घरी सुख आलं हे वाचून डोळे भरून आले, असं तिने लिहिलं होतं. आता ही मदत तुझ्याहून गरजू मुलाला देते, तू रागावणार नाहीस ना?

पत्रबाईने ते दोनदा वाचलं आणि येऊन माझ्या कांद्याच्या पोत्यावर बसली. मग उठून साहेबांकडे गेली आणि सगळं कबूल केलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. आधीचं पत्र खोटं होतं असं कळवलं तर कुठला दाता आपल्यावर विश्वास ठेवील, दोनशे मुलांचं काय, असं त्यांनी विचारलं. नवा दाता मिळेपर्यंत टाचणीचं नाव वाट पाहणाऱ्या मुलांच्या यादीत शेवटी जाईल, तोवर शाळा आणि पीठ बंद, म्हणाले. माणूस वाईट नव्हता, याचाच मला जास्त संताप आला.

निरोपाचं आभारपत्र मात्र लिहावंच लागतं. टाचणी आली. सोड्याने बोटं पांढरी पडलेली, चिरलेली. बाईने लाल पेन्सिल माझ्या हातात दिली. "ही चुलीत घाल," म्हणाली. मग पोरीला जवळ बसवून सांगितलं, "आज तुझ्या मनात असेल ते लिही. मी एक अक्षर खोडणार नाही."

टाचणीने बराच वेळ घेतला. बाईने कागद वाचला आणि माझ्याकडे दिला.

'मी मजेत आहे. आई आराम करते. मला अपूर्णांक आवडतात. देव तुमचं भलं करो.'

"या वेळी काहीच चुकलं नाही ना, बाई?" टाचणीने विचारलं.

"नाही," पत्रबाई म्हणाली.

चादरी भिजत घातल्या होत्या, म्हणून पोरगी लगेच उठली. दप्तर शाळेचं होतं. ते तिने कुणी न सांगताच माझ्या ओट्यावर ठेवलं.