देणगी नसलेला जावई

साडू प्रार्थना करायला लागला की वायरमनच्या पोटात दुखायला लागायचं. साडूचं चपलांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या पायात एक नंबर लहान जोड कोंबून 'वापरून सैल होईल' म्हणणारा माणूस. पण डोळे मिटले की असा बोलायचा, जणू देवबाप शेजारच्याच खुर्चीत बसलाय आणि दोघांचा जुना घरोबा आहे. अडखळणं नाही, खाकरणं नाही. सासूबाई डोळे पुसत म्हणायच्या, "मोठ्या जावयांना देवाची देणगीच आहे हो!"

धाकट्या जावयाला, म्हणजे वायरमनला, कसली आलीये देणगी? मेन स्विच स्वतःच्या हातांनी बंद करून आला, तरी टेस्टर लावून बघितल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही, ही त्याची खोड. घरात त्याला 'टेस्टर'च म्हणत. हीच खोड प्रार्थनेतही नडली. घरगुती प्रार्थनासभेत एकदा त्याची पाळी आली आणि चर्चच्या पाळकांसमोर तोंडातून निघून गेलं, "प्रभू, तू असशील तर ऐक." खोलीभर खोकल्याची साथच आली. तेव्हापासून त्याची पाळी आली की पाळक पुढच्या माणसाकडे बघायचे.

स्वतःची आई त्याला आठवत नव्हती. आई म्हणायला होत्या त्या सासूबाईच. त्या अंथरुणाला खिळल्या, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा त्याला एकच हवं होतं: जाण्याआधी एकदा तरी त्यांनी आपल्याला जवळ बोलवावं. त्या मात्र रोज साडूचं नाव काढायच्या. मग वायरमन त्यांच्या खोलीतला पंखा दुरुस्त करायचा, नंतर दिवा, नंतर नसलेला बिघाड शोधायचा, आणि शिडीवर उभा राहून साडूची अस्खलित प्रार्थना ऐकत जळफळायचा. मरणाच्या दारातल्या बाईवरून हेवा करतोस, म्हणून स्वतःलाच शिव्या द्यायचा. जळफळाट काही थांबायचा नाही.

त्या दुपारी साडू थेट स्वर्गाच्या दारापर्यंत पोहोचला होता, तोच सासूबाईंनी हात वर केला.

"थांबा जरा, जावईबापू. मला भीती वाटतेय. पलीकडे खरंच कुणी आहे का हो?"

"आई, असलं मनातसुद्धा आणू नका," साडू गडबडून म्हणाला. "शंका घेणं पाप आहे."

सासूबाईंनी मान वळवून शिडीकडे पाहिलं. "तुम्ही सांगा, टेस्टर. तुम्हाला गोड बोलता येत नाही."

तो शिडीवरून उतरून पलंगापाशी आला. इतके दिवस जिची वाट पाहिली ती हाक आली होती. 'आहे' म्हणून मोकळं व्हावं, असं एकदा वाटलंही. पण त्या टक लावून बघत होत्या.

"मला नाही माहीत, आई. मी रोज विचारतो."

"कुणाला?"

"त्यालाच. दुसऱ्या कुणाला विचारणार?"

"मग? तो काय म्हणतो?"

"अजून तरी 'विचारू नकोस' म्हणाला नाही."

सासूबाई हसल्या. आजारपणात पहिल्यांदाच हसल्या असतील. त्यांनी त्याचा कामाने काळा पडलेला हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "बसा इथे. आज दोघं मिळून विचारू."

साडू खुर्चीमागे तसाच उभा होता, आपल्या हातांचं काय करावं हे न कळून. पलंगाच्या कडेला आणखी एका माणसापुरती जागा झाली असती. वायरमनने फक्त जरासं सरकायला हवं होतं. ते त्याच्या चांगलं लक्षात आलं होतं. तो सरकला नाही.