वालाच्या मांडवाजागी भट्टी

साकोलीच्या आमच्या घरामागं बायकोचा वालाचा मांडव होता. तो मी उपटला. मोबाईलवर एक माणूस अंगणात मातीची घुमटासारखी भट्टी बांधून त्यात पिझ्झा भाजताना दिसला, अन् माझ्या डोक्यात किडा वळवळला. याला जमते तं मले काहून नाही जमत? बायको पवनीला माहेरी गेली होती. ती येईपर्यंत वेल खाली अन् विटांचा ओटा वर!

"माहा वाल कुठं गेला?" हातातली पिशवी न ठेवताच तिनं विचारलं.

"किडला होता," मी थाप मारली.

तिला सगळं कळलं. म्हणाली, "पुढच्या महिन्यात आई येऊन राहिली. तिच्यासमोर या भट्टीत एक गोष्ट धड भाजून दाखवा. नाही जमलं तं सब्बल घेऊन मी हे फोडते, अन् मांडव तुमी बांधून द्यायचा."

झालं. मी इरेला पेटलो. तलावाची चिकण माती आणली, त्यात धानाची तनीस कापून टाकली अन् पायानं तुडवली. घर बांधताना उरलेल्या लोखंडी सळाखा भट्टीच्या बाजूला रोवून कोंबडी भाजायची जाळी केली. मोबाईलवाला सांगत होता, घुमटाची भिंत वीतभर जाड ठेवा. पण माती वाहून कंबर मोडली होती, म्हणून मी चार बोटांवर भागवलं. त्याला काय कळते आपल्या मातीतलं?

सासूबाई आल्या त्या दिवशी मी सकाळपासून जाळ लावून बसलो. बायकोचा माझ्यावर काडीचा भरवसा नव्हता. तिनं लांब रोटीचं सैल पीठ मळून ठेवलं, ती रोटी भाजायला चुलीवर पालथं घालायचं मडकं काढलं, अन् सब्बल भिंतीला टेकवून ठेवली.

माझा पिझ्झा वरून कोळसा झाला अन् खालून कच्चा राहिला. सगळी धग त्या पातळ भिंतीतून बाहेर चालली होती. तो मी गुपचूप मागच्या गल्लीत कुत्र्याला टाकला. त्यानं हुंगून तोंड फिरवलं. इज्जतच गेली!

परत येऊन पाहतो तं सासूबाई पदर खोचून भट्टीसमोर उभ्या. ओल्या फडक्यानं घुमट पुसलेला. पिठाचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत त्यांनी कोपरापर्यंत लांबवला अन् घुमटावर अलगद अंथरला. रोटी फुलली, पापुद्रा सुटला, अंगणभर वास सुटला.

"जवाईबापू, एवढं मोठं मडकं!" त्यांचे डोळे भरून आले होते. "मागच्या बारीला म्या म्हनलं होतं, मडकं लहान पडते. तुमी ध्यानात ठेवलं! कोनता जवाई सासूसाठी एवढं करते?"

मी बायकोकडं पाहिलं. तिच्या हातात सब्बल होती.

"तुमच्यासाठीच तं केलं, आई," मी म्हणालो. लाजसुद्धा वाटली नाही.

बायकोचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. आईसमोर बोलता येईना, हसू आवरेना. आम्ही पोट फुटेस्तोवर रोट्या खाल्ल्या. मग तिनं सब्बल उचलली, माझ्या जाळीच्या बुडाशी आळं खणलं अन् त्यात वालाचं बी टाकलं.

"भट्टी आईची," ती म्हणाली, "अन् जाळी माह्या वालाची."

"अन् माहं काय?"

"लाकडं फोडा."