आबांच्या नाकाची रजा

कारखान्यात पिंपांतून एरंडेल यायचं आणि नव्या कामगाराचं तोंड ते न पिताच एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं. आबा ते टाकीत सोडत, त्यात यीस्ट घालत आणि टाकीतली हवा नि ऊब जपत. डोळ्यांना न दिसणारे ते जीव तेलावर ताव मारत आणि त्याच तेलाचा पिकलेल्या पीचचा सुगंध करत. पुढे तो साबणात जाई, सरबतात जाई. कुणी कौतुक केलं, की आबा म्हणत, "आपण नुसते वाढपी. स्वयंपाक त्यांचा."

गंमत अशी, की तिथल्या कुणालाच तो सुगंध येत नसे. रोज त्यातच बुडालेलं नाक त्याची दखलच घेईना. म्हणून रजेवरून परतलेल्याला आधी टाकीपाशी उभं करायचं, अशी रीत पडली होती. तो "वा!" म्हणाला, की सगळे खूश. आबांवर ही पाळी कधी आलीच नाही, कारण ते रजाच घेत नसत. बायको गेली तेव्हाही ते लगेच कामावर हजर झाले होते.

घरी तिचं कपाट होतं. आबा रोज ते उघडून तिच्या शालीत तोंड खुपसत. वास म्हणून नाही! उतू गेलेलं दूध कळायचं, शेजाऱ्याची विडी कळायची, आणि हिचाच तेवढा पत्ता नाही. एकदाच, एक श्वासभर ती मिळावी, एवढंच त्यांना हवं होतं. शेवटी त्यांनी नाकालाच रजा द्यायचं ठरवलं आणि लेकीचं घर गाठलं.

"बाबा, असे अचानक? बरं आहे ना?"

"नाक दुरुस्तीला टाकलंय," आबा म्हणाले.

महिनाभर ते तिथे राहिले. मोकळ्या हवेत हिंडले, नातीशी खेळले, पण जीव सगळा त्या कपाटात अडकलेला.

परतल्यावर बूटही न काढता त्यांनी कपाट उघडलं आणि शाल नाकाशी धरली.

या वेळी वास आला. पिकलेल्या पीचचा.

त्यांनी तिचे बाकीचे कपडे ओढून काढले. पीच. उशीलाही पीच. इतकी वर्षं त्यांच्या अंगावरून तो घरभर मुरला होता, आणि तिचा स्वतःचा असा वास कुठे उरलाच नव्हता. तिनं कधी नाक मुरडलं नव्हतं. शेजारी झोपली, त्यांचे कामाचे कपडे धुतले, हसत दार उघडलं.

आबा तिथेच खाली बसले आणि शालीत तोंड लपवून रडू लागले.

"अगं, एकदा तरी ओरडायचंस माझ्यावर!"