दक्षिण दाखवणारी बाहुली

आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडे. आमचे हे, म्हणजे श्यामकांत, जर्मनीत झिंडेलफिंगेनजवळच्या एका कंपनीत बाहेरून येणारे गिअर तपासतात. लहानपणापासून बोलताना अडखळतात. मीटिंगमध्ये यांची पाळी आली की पाण्याचा ग्लास उचलायचा आणि शेवटी ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणून मोकळं व्हायचं. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही, हे मी लग्नापासून सांगतेय. घरातही यांचं वाक्य अडलं की आमची मुलगी ईश्वरी ते जर्मनमध्ये पुरं करून टाकते. तिला मराठी सगळं कळतं, बोलायचा मात्र कंटाळा.

२००८च्या हिवाळ्यात यांनी एक लाकडी गाडी करायला घेतली. प्राचीन चीनमध्ये मा जुन नावाचा यंत्रकार होऊन गेला. तोही बोलण्यात कच्चा. दक्षिण दाखवणारी गाडी ही थाप आहे, असं दरबारी म्हणाले, तेव्हा त्यानं ती बनवूनच दाखवली म्हणे. आत लोहचुंबक नाही, नुसती दातेरी चाकं; तरी गाडी कुठेही वळो, वरच्या बाहुलीचा हात दक्षिणेकडेच. यांना तो सख्ख्या भावासारखा वाटे.

ईश्वरी पर्यावरण शिकते. ती जर्मनमध्ये म्हणाली, “तुझा मा जुन गेला. त्याच नावाचा एक माणूस आज चीनमध्ये पाणी नासवणाऱ्या कारखान्यांचा नकाशा इंटरनेटवर लावतोय.” तिनं लॅपटॉप फिरवला. ज्या कारखान्याचे गिअर हे तपासत होते, तोही त्यात होता.

“पास करणार?”

“मी द-दाते तपासतो. नदी नाही.”

तिनं यांच्याशी बोलणंच टाकलं. नुसतं “हालो” आणि दार बंद. हे जेवताना तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायचे, आणि माझा जीव तुटायचा.

शनिवारी गाडी तयार झाली. टेबलाभोवती चार-पाच फेऱ्या मारल्या, तर दक्षिणेला, बाल्कनीकडे रोखलेला बाहुलीचा हात सरकत सरकत भलतीकडेच.

“अहो, तुमची दक्षिण फ्रिजमध्ये गेली!”

हे हसले नाहीत. चाकं मोजली. एक चाक केसभर मोठं होतं.

“स-सरळ जातानाही थोडं थोडं चुकतं,” हे म्हणाले, “म्हणून कळत नाही.” आणि तिथेच फरशीवर बसून राहिले. किती थकलाय हा माणूस, असं मला तेव्हा वाटलं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी यांना विचारलं, “मग, हेर सबनीस, सगळं ठीक?” यांनी ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. दाते बरोबर आहेत, पण त्या नदीचं काय ते कळेपर्यंत मी सही करणार नाही, एवढं बोलायला यांना इतका वेळ लागला की एकजण फोन बघायला लागला. जेवणाच्या सुट्टीआधी दुसऱ्यानं सही केली. यांना तळघरात जुन्या भागांच्या कोठारावर बसवलं.

घरी आले ते कोट न काढताच खुर्चीत बसले. ईश्वरीनं मला जर्मनमध्ये विचारलं, काय झालं? यांच्या एका सहकाऱ्यानं दुपारीच फोन करून मला सगळं सांगितलं होतं, त्यामुळे सांगायला माझी जीभ वळवळत होती. पण म्हटलं, “त्यांनाच विचार.”

“मी न-नाही म्हणालो,” हे म्हणाले. “उपयोग... उपयोग झ-झ...”

शब्द अडला. मी ईश्वरीकडे बघितलं. ती समोरच्या खुर्चीत बसली आणि तोंड मिटून थांबली. बराच वेळ लागला. ‘झाला नाही’ हे शब्द यांच्याच तोंडून येईपर्यंत ती थांबली.