खलनायकानं जुळवलेली सोयरीक

माझं लग्न सांबय्या गारूंनी जमवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकीकत ऐकताना लोक हसतात आणि हसण्याच्या नादात त्यांना विसरतात. सांबय्या गारू म्हणजे साउथच्या पिच्चरमधले खलनायक. (गारू म्हणजे तिकडचं ‘जी’.) आपल्याकडे हिंदी आवाज लावून जे पिच्चर दुपारभर टीव्हीवर चालतात, त्यातले मोठ्या मिशांचे. पडद्यावर त्यांनी मोडलेली लग्नं मोजायला बसलो, तर आमच्या दिघोरीतला लग्नाचा एक मोसम पुरायचा नाही. जमवलेलं मात्र हे एकच.

मी नववीत शाळा सोडली. खरं म्हणजे गणितानं मला त्याआधीच सोडलं होतं. फिरत फिरत हैदराबादला पोचलो आणि शूटिंगच्या लाइटी उचलायच्या, बसवायच्या कामाला लागलो. भाषा येत नव्हती. कोणी जरा जोरात बोललं की मला वाटायचं, गेली नोकरी. पहिल्याच पावसाळ्यात तापानं फणफणलो, तेव्हा सांबय्या गारूंनी मला आपल्या गाडीत नेऊन झोपवलं. अर्ध्या तासापूर्वी ज्या माणसानं तिघांना विहिरीत ढकललं होतं, तो माझ्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होता. मिशी काढलेली, टक्कल उघडं, कमरेला लुंगी. मी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, “सर, मेरा खाडा लगेगा क्या?”

एक दिवस गुंडांपैकी एकाचं पोट बिघडलं. सांबय्या गारूंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“इसको खड़ा करो.”

“सर, मुझे डर लगता है.”

“वही तो चाहिए. डरा हुआ आदमी आँख बड़ी करता है. पब्लिक समझता है, गुस्सा है.”

आणि ते खरं निघालं. त्या पिच्चरमध्ये माझे डोळे असे वटारले आहेत, की मलाच माझी भीती वाटते. प्रत्यक्षात मी डायरेक्टरकडे बघत होतो. तेव्हापासून पडद्यावरच्या कुठल्याही गुंडाचा मला राग येत नाही. वाटतं, यालाही कुठेतरी खाड्याची भीती असेल.

सीन लग्नाचा होता. खलनायकाची माणसं मांडवात घुसतात, आणि मी पंगतीतला भाताचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, लाथेनं उडवून देतो. एवढंच काम. पण आमच्या बाबांसाठी ते एवढंच नव्हतं. त्यांनी तो पिच्चर मोबाइलवर घेतला, माझा चेहरा कितव्या मिनिटाला येतो ते पाठ केलं आणि गावभर दाखवत फिरले. चेहरा आला की बोट ठेवून पिच्चर थांबवायचे आणि म्हणायचे, “हा पाहा आमचा रवी.” लोक म्हणायचे, “डोळे मस्त काढले जी पोट्ट्यानं.” चेहऱ्याच्या पुढे काय होतं, हे बाबांनी कधी कोणाला दाखवलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. त्यांच्या दृष्टीनं पिच्चर तिथेच संपत होता.

अशात बपेऱ्याहून सोयरीक आली. मुलगी वैशाली. आम्ही फोनवर दोनदा बोललो होतो, त्यात एकदा नेटवर्क होतं. तिनं विचारलं होतं, “तुमाले गुस्सा लवकर येते का जी?” मी म्हटलं, “नाई. मले भेव लवकर येते.” ती जी हसली, ते हसू मी हैदराबादला लाइटी उचलता उचलता आठवडाभर ऐकत होतो. हे लग्न मोडलं असतं तर मला दुसरी मुलगी मिळाली असती. (असं बाबा म्हणत. मला खात्री नव्हती.) पण माझं भ्यालेपण ऐकून हसणारी मिळाली नसती.

ठरल्या दिवशी मुलीचे वडील सदाशिवजी आणि तिचे मामा आमचं घर पाहायला आले. मी चार दिवसांची सुट्टी घेऊन आलो होतो. सदाशिवजी म्हणजे तलावाखालच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, पिढ्यान्पिढ्या धान करणारे. कमी बोलणारे. मामा ती कसर भरून काढणारे. आईनं लाखोरीच्या डाळीचे वडे केले होते, चिन्नोर तांदळाचा वासाचा भात होता. सगळं बरं चाललं होतं. तेवढ्यात बाबांना वाटलं, पाव्हण्यांना जावयाचं मोठेपण मोबाइलवर दाखवायचं म्हणजे कमीपणाच. त्यांनी पिच्चर टीव्हीवर लावला.

“बाबा, राहू द्या नं,” मी म्हटलं.

“काहून? लाजतो कायले?”

पाव्हणे पाटावर बसले, आणि बाबा भाताचं भांडं घेऊन वाढायला लागले. इथेच घात झाला. माझा चेहरा आला, डोळे वटारले गेले, मामा म्हणाले, “वा,” आणि पिच्चर थांबवायला बाबांचा हात मोकळा नव्हता. पिच्चर पुढे गेला. माझा पाय उठला. गंज उडाला. पांढरा शुभ्र भात हवेत उधळला आणि पंगतीवर बरसला. साउथच्या पिच्चरमध्ये एक लाथ तीन बाजूंनी तीनदा दाखवतात. तिसऱ्या वेळी ती फारच सावकाश होती. एकेक दाणा मोजता आला असता.

सदाशिवजींचा घास हातात राहिला. त्यांनी ताटाकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे पाहिलं. मी पाय पोटाशी घेतला.

त्यांना त्याच क्षणी उठून जायचं होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. पण ताटात भात होता, आणि भात टाकून उठणारे ते नव्हते. म्हणून ते जेवू लागले. रागानं जेवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. संपत आलं, की आई सवयीनं म्हणायची, “घ्या नं जी थोडासा,” आणि त्यांनी हात आडवा करायच्या आत वाढून मोकळी व्हायची. मग तोही संपवणं आलं. तीनदा असं झालं. शेवटचा दाणा खाऊन त्यांनी हात धुतले आणि म्हणाले, “ही सोयरीक नाई जमनार जी.”

बाबा पाव्हण्यांसमोर येऊन उभे राहिले. “अजी, पिच्चर होये तो. पिच्चरात त मानसं मारतेत.”

“मानसं खोटी मरतेत. मंग उठून चहा पेतेत. भात सांडला त सांडला.”

बाबांनी जाऊन टीव्ही बंद केला.

“लग्नात मले ह्याचे पाय धुवा लागन,” सदाशिवजी म्हणाले. “ज्या पायानं भाताले लाथ मारली, तो पाय मी परातीत कसा धरू?”

“मामाजी, तो भात नोहे,” मी सदाशिवजींना कसाबसा म्हणालो. (सासऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात.) “थर्माकोलचे दाने होते.”

“थर्माकोल?” मामा पुढे सरकले. “मले खेळवतो का? वाफ निघून राहिली होती त्यातून. मी डोळ्यानं पाहिली.”

“वाफ मीच केली होती. खाली उदबत्त्या लावल्या होत्या.”

“म्हंजे लाथ मारायची तयारी बी यानंच केली,” मामा सदाशिवजींना म्हणाले.

बाबा हताश होऊन म्हणाले, “लाव त्याले फोन. तुया त्या खलनायकाले.”

एवढ्या मोठ्या माणसाला आपल्या लग्नाच्या भांडणात ओढायचं, तेही जेवणाच्या वेळी. पण वैशालीचं ते हसू आठवलं आणि मी फोन लावला. स्पीकरवर.

“हलो, रवी? खाना खाया?” पलीकडून बारीक, मऊ आवाज आला.

“हा तो नोहे,” मामांनी लगेच निकाल दिला. “त्याचा आवाज मले मालूम आहे. ढोलीत बोलल्यावानी येते.”

“तो आवाज हिंदीवाल्याचा होये, मामा. दुसरा मानूस बोलते.”

“मिशी?”

“चिकटवतेत.”

“केस?”

“टोप होये.”

“मंग त्याचं स्वतःचं काय आहे?”

मी व्हिडिओ लावला. पडद्यावर टक्कल, चष्मा आणि मांडीपुढे ताट. “हे त रिटायर मास्तर दिसून राहिले,” मामा म्हणाले. मग त्यांनी फोनमध्ये तोंड घालून फर्मावलं, “साहब, वो राक्षस वाली हँसी हँसके दिखाओ.”

सांबय्या गारू लाजले. पण माझा चेहरा बघून त्यांना काहीतरी कळलं असावं. ते हसायला गेले आणि त्यांना ठसका लागला. ताटातला भात खाली सांडला. मागून त्यांच्या बायकोनं पाणी पुढे केलं आणि तेलुगूत चांगलं झापलं.

“खोटा माल,” मामा म्हणाले.

सदाशिवजी मात्र फोनकडे टक लावून बघत होते. ठसका आवरल्यावर सांबय्या गारूंनी आधी चष्मा पुसला नाही, पाणी प्यायलं नाही. चटईवर सांडलेले दाणे एकेक करून वेचले आणि तोंडात टाकले. आपल्याकडे कोणी बघतंय हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

“सरक बावा,” सदाशिवजींनी मामांना बाजूला केलं. “आप धानवाले हो क्या?”

“हाँ जी. बाप-दादा सब. तालाब के नीचे खेत है. तुम्हारा तालाब भरा क्या इस बार?”

पुढची वीस मिनिटं माझ्या लग्नाचा विषय निघाला नाही. रोवणी कधी झाली, कीड कुठली पडली, तलावात गाळ किती. बपेरा आणि आंध्राकडचं कुठलंसं गाव असे बांधाला बांध लागल्यासारखे बोलत होते. मी मधे फोन धरून उभा. हात दुखत होता, पण तेच माझं मूळ काम होतं.

शेवटी सदाशिवजींनी विचारलं, “वो भात को लाथ मारने की बात सही है क्या?”

“सेट पे असली चावल रखा था. हमने बोला, ये नहीं चलेगा. एक घंटा शूटिंग रुका. फिर थर्माकोल लाया.”

“और हमारा ये लड़का? इसने क्या बोला?”

आता खरं सांगायची वेळ आली आहे. दिघोरीचा, धानाच्या गावचा मी, त्या दिवशी खऱ्या भातावर पाय उचलून उभा होतो. डायरेक्टर म्हणाला मार, आणि मी मारणार होतो. थांबवलं ते त्यांनी. एवढंच नाही, तासभर एका पायावर तालीम करून दुखायला लागलं, तेव्हा मी मनात त्यांच्या नखऱ्यांना शिव्याही दिल्या होत्या.

सांबय्या गारूंनी फोनमधून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “पहले रवी ने ही मना किया, जी.”

इतकी वर्षं खोटेपणाचा अभिनय करून पोट भरलेला माणूस. पण इतकं वाईट काम मी त्यांचं कधी पाहिलं नाही. पापण्या फडफडल्या, चष्मा नाकावर आला, आणि ते उगाच ताटाकडे पाहू लागले.

सदाशिवजी पुन्हा पाटावर बसले. आईला म्हणाले, “भात असन त आणखी वाढा थोडासा.” हाच होकार होता.

लग्नात सदाशिवजी पाय धुवायला बसले, मी परातीत पाय ठेवला, आणि माझ्यानं राहवेना. मी वाकून हळूच म्हणालो, “मामाजी, मी मना केलं नोहोतं. त्यायनंच थांबवलं होतं.”

“मालूम आहे,” ते म्हणाले, आणि पाण्याचा दुसरा गडवा उजव्या पायावर ओतला. “त्या बिचाऱ्याले झूट बोलताच येत नाई.”

“मंग हो काहून म्हटलं जी?”

“असा मानूस ज्याच्यासाठी झूट बोलते, त्याच्यात काही त असन म्हटलं.” त्यांनी माझा पाय टॉवेलनं पुसला. “अजून दिसलं नाई. पाहू.”

सध्या मी पुन्हा हैदराबादला आहे. सांबय्या गारू रोज सेटवर कोणाचं ना कोणाचं वाईट करतात आणि दुपारी मला विचारतात, जेवलास का. त्यांचे उपकार माझ्यानं असे फिटायचे नाहीत. पण एक दिवस मी त्यांना दिघोरीला नेणार आहे. नव्या धानाच्या दिवसांत, ओसरीवर बसवून, चिन्नोरचा गरम भात पोटभर खाऊ घालणार आहे. वाढायचं काम मात्र वैशाली करील. भाताच्या गंजाजवळ मला अजून कोणी जाऊ देत नाही.