मूठभर साखर

कागदोपत्री तो वॉर्डसेवक होता, पण सगळे त्याला साखरभाऊच म्हणत.

मनोरुग्णालयातल्या त्या लांबट वॉर्डात रोज सकाळी सहाला बारा जणांना उपाशीपोटी इन्शुलिनची सुई टोचत. रक्तातली साखर उतरत जाई, माणूस घामाने निथळे, बरळे आणि मग दगडासारखा पडे. अशा पन्नास मूर्च्छा झाल्या की डोक्यातलं वेड निघून जातं, असा त्या काळी भल्याभल्यांचा समज होता. दहाच्या सुमाराला नाकातून नळी घालून साखरेचं पाणी पोटात सोडायचं आणि माणसाला माघारी आणायचं, हे साखरभाऊचं काम. शुद्धीवर येणारा तान्ह्या पोरासारखा असे. कुणी त्याला आई म्हणे, कुणी त्याचं बोट सोडत नसे.

"बाईला नऊ महिन्यांनी एक होतं, तुला रोज बारा," मोठ्या सिस्टर चिडवत.

"जुळी-तिळी असतील, सिस्टर," तो म्हणे.

पण बारांतला एखादा कधीकधी परत येतच नसे. ते त्याने दोनदा पाहिलं होतं.

मग एक दिवस त्याचा धाकटा भाऊच खाट क्रमांक सातवर आला. दोन वर्षं भिंतीशी बोलत होता पोरगा. आई म्हणाली, "तू आहेस तिथे, म्हणून पाठवते. नाहीतर पाठवलं नसतं." नातेवाइकाच्या वॉर्डात काम करू देत नसत, म्हणून साखरभाऊने नातं सांगितलंच नाही. एका आडनावाची छप्पन्न माणसं असतात.

पहिल्याच दिवशी धाकट्याचे ओठ पांढरे पडलेले त्याने पाहिले. दुसऱ्या दिवशी साडेपाचला, सुईच्या आधी, त्याने मूठभर साखर भावाच्या तोंडात कोंबली आणि ओठांवर बोट ठेवलं. "गप्प. सांगायचं नाही." मग हे रोजचंच झालं.

धाकटा काही बुडेना. नुसता घाम यायचा, डुलकी लागायची, की पुन्हा टक्क जागा. डॉक्टर रोज मात्रा वाढवत गेले.

"रेडा आहे हा तुमचा सात नंबर," तिसऱ्या आठवड्यात ते हसत म्हणाले. "बाकीच्यांच्या तिप्पट देतोय, तरी पठ्ठ्या ताठ!"

साखरभाऊही हसला. तिप्पट, हा शब्द त्याच्या कानावरून गेला, आत मात्र उतरला नाही.

चार दिवसांनी तो पावणेपाचला कामावर आला, तर दारातच सिस्टर. "आज बायकांच्या वॉर्डात जा. तिथली सेविका आली नाही. आत्ताच."

"सिस्टर, जरा आत जाऊन..."

"काय राहिलंय आत?"

तिथेच सांगायला हवं होतं. तो माझा भाऊ आहे, त्याला आज सुई देऊ नका, एवढंच. पण नोकरी जाईल, भावाला बाहेर काढतील, आईला काय सांगायचं? एका दिवसाने काय होतंय, असं मनाशी म्हणत तो गेला. चादरी बदलताना तिप्पट हा शब्द त्याला आठवला, तेव्हा साडेआठ वाजले होते.

तो धावत आला. सातच्या खाटेभोवती तिघं जण होते. डॉक्टर शिरेतून साखर सोडत होते. "ताठ होता रे हा! आजच कसं झालं?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. साखरभाऊने भावाचा पाय धरला.

धाकट्याने तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. भिंतीशी बोलणं थांबलं होतं. बाकीचं बोलणंही.

"शांत झाला हो," आई म्हणाली. मरेपर्यंत ती डॉक्टरांना दुवा देत राहिली. पुढे ते इन्शुलिनचे उपचार बंद झाले, वॉर्डात दुसऱ्या खाटा आल्या. साखरभाऊ निवृत्त झाला आणि दोघं भाऊ एका खोलीत राहू लागले. धाकट्याला भरवावं लागतं, धुवावं लागतं. नाव विचारलं तर तो नुसता बघतो.

फक्त रोज पहाटे साडेपाचला तो आपणहून उठून बसतो आणि आ करतो. साखरभाऊ मूठभर साखर त्याच्या तोंडात घालतो. ती विरघळेपर्यंत धाकटा त्याच्याकडे पाहत राहतो आणि मग हळूच स्वतःच्या ओठांवर बोट ठेवतो.